बाटाच्या गावातल्या बाहुल्या

'बाटा' म्हटलं की तुम्हाआम्हाला काय आठवतं? शाळा सुरू होण्याआधीची जून महिन्यातली गर्दी, नव्या बुटांचा वास आणि 'पुढच्या वर्षीही झाले पाहिजेत' म्हणून आईने मुद्दाम एक नंबर मोठे घेतलेले काळे बूट. हे नाव इतकं आपलं झालेलं की, बाटा कंपनी भारतातलीच असं मला कित्येक वर्षं वाटायचं. 2019 च्या मे महिन्यात मी या बाटाच्या मूळ गावी जाऊन आले. मात्र बुटांसाठी नव्हे, बाहुल्यांसाठी!

त्या वर्षी मी बेचाळीस वर्षांची होते. पुण्यातल्या एका बालवाडीत अकरा वर्षं शिकवत होते. मुलांना गोष्ट सांगताना हातात काही असावं म्हणून मोज्यांची, चिंध्यांची, कागदाच्या लगद्याची बाहुली करायची सवय लागली. पुढे शेजारच्या शाळाही मागू लागल्या. एप्रिलमध्ये आमची बालवाडी बंद झाली. दुसऱ्या एका शाळेने कार्यालयात लेखनिकाची जागा देऊ केली आणि 10 जूनपर्यंत होकार कळवायला सांगितलं. माझ्या मनात मात्र भलतंच होतं. बाहुल्या करणं हाच पूर्ण वेळचा व्यवसाय करावा, तोही चित्रपटात चालणाऱ्या-बोलणाऱ्या बाहुल्यांचा. घरात हे बोलून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात भातुकली?" आमचे 'हे' काही बोलले नाहीत, पण वर्तमानपत्र जरा जास्तच वर धरलं.

माझी भाची तेव्हा चेक प्रजासत्ताकातल्या बर्नो शहरात एका कॉम्प्युटर कंपनीत होती. "मावशी, निर्णय घेण्याआधी इकडे ये. इथून दोन तासांवर झ्लीन नावाचं गाव आहे. तिथे बाहुल्यांचे चित्रपट जन्मले," असा तिचा फोन आला. बालवाडीच्या हिशेबाचे मिळालेले पैसे तिकिटाला घातले आणि मी निघाले. पिशवीत जपून गुंडाळलेली माझी सर्वांत लाडकी बाहुली होती. नऊवारीतली, नाकात नथ, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली.

लाल विटांचं गाव

बर्नोहून बसने झ्लीनला पोहोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. द्रेव्नित्से नावाच्या छोट्या नदीकाठी, दोन्ही बाजूंच्या टेकड्यांच्या मधे वसलेलं हे गाव. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. पहिल्यांदा डोळ्यांत भरतात त्या लाल विटांच्या एकसारख्या इमारती. कारखाने, दुकानं, वसतिगृहं सगळं एकाच मापातलं. इथल्या इमारतींचे काँक्रीटचे खांब 6.15 मीटरच्या अंतरावर उभे करायचे, मधली जागा विटांनी नाहीतर काचांनी भरायची, अशी पद्धत होती. कामगारांसाठी बांधलेली पेटीसारखी छोटी घरं टेकडीच्या उतारावर आजही रांगेने दिसतात. प्रत्येकाभोवती हिरवळीचा तुकडा.

1894 मध्ये तोमाश, आंतोनीन आणि आना या तीन बाटा भावंडांनी इथे चपला-बुटांचा धंदा सुरू केला. 1932 मध्ये विमान अपघातात तोमाश बाटा गेले, तोवर हा पसारा जगभर पसरू लागला होता. कोलकात्याजवळचं बाटानगर हेही त्यातलंच एक गाव. नंतर सूत्रं हाती घेणाऱ्या यान बाटा यांनी 1938 मध्ये सोळा मजली कचेरी बांधली. तिला 'एकवीस नंबर' म्हणतात. त्यात मालकाची खोली चक्क लिफ्टमध्ये! टेबल, खुर्ची, टेलिफोन, हात धुवायचं बेसिन यांसह अख्खी खोली वर-खाली जाते. मालक कामगारांच्या मजल्यावर जाणार, कामगारांनी त्याच्याकडे यायचं नाही, अशी कल्पना. गच्चीवरून सगळं गाव दिसतं. दक्षिणेकडच्या टेकडीवर झाडीत लपलेल्या इमारती दाखवून भाची म्हणाली, "तो बघ, तुझा स्टुडिओ."

टेकडीवरचा स्टुडिओ

बूट विकायचे तर जाहिरात हवी. म्हणून कंपनीने 1936 मध्ये कुडलोव्हच्या टेकडीवर स्वतःचा चित्रपट स्टुडिओच बांधला. इथे एल्मार क्लोस यांच्यासारखी तरुण मंडळी बुटांचे जाहिरातपट करत होती. याच क्लोस यांनी पुढे सहदिग्दर्शित केलेल्या 'द शॉप ऑन मेन स्ट्रीट' या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. जाहिरातीसाठी वस्तू हलवून दाखवायच्या, म्हणजे बूट आपोआप चालले पाहिजेत. बूट चालू शकतो, तर बाहुली का नाही? इथल्या बाहुलीपटांची पाळंमुळं अशी जाहिरातींच्या जगात आहेत.

टेकडीवर जाणाऱ्या बसने आम्ही वर गेलो. आवारातल्या प्रदर्शनात जुने कॅमेरे, दिवे, चित्रकथा आणि काचेच्या कपाटांत बाहुल्या मांडल्या होत्या. पडद्यावर मोठ्या वाटणाऱ्या या बाहुल्या प्रत्यक्षात वीतभर, फार तर दीड वीत. एका बाहुल्याच्या कोटाचं बटण मी वाकून पाहिलं. मोहरीएवढं होतं. तुळशीबागेत इतकं लहान बटण शोधून मिळणार नाही!

ज्यांना ही कला ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाहुली टेबलावर उभी करायची. एक छायाचित्र घ्यायचं. तिचा हात केसभर वर करायचा. पुन्हा छायाचित्र. पुन्हा केसभर. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चित्रं डोळ्यांसमोरून सरकतात. प्रत्येक चित्र दोनदा वापरलं तरी सेकंदाला बारा वेळा बाहुली हलवावी लागते, म्हणजे एका मिनिटाला 720 वेळा. याला 'स्टॉप मोशन' म्हणतात. हलवणारा हात मात्र एकाही चित्रात दिसता कामा नये.

त्रेचाळिसाव्या वर्षी पहिला बाहुलीपट

प्रदर्शनात सर्वांत जास्त वेळ मी एका बाईंच्या छायाचित्रासमोर उभी होते. हेर्मीना तिर्लोवा. जन्म 1900. प्रागमध्ये जाहिरातपटांच्या कामात उमेदवारी करून त्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झ्लीनला आल्या. देश जर्मनांच्या ताब्यात होता. अशा दिवसांत त्यांनी 'मुंगी फेर्दा' हा बाहुलीपट केला. गळ्यात ठिपक्यांचा लाल रुमाल बांधलेला हा उद्योगी मुंगळा ओंद्रेय सेकोरा या लेखकाच्या गोष्टींतला. चेक बाहुलीपटांची परंपरा या चित्रपटापासून मोजतात. तो पूर्ण झाला तेव्हा तिर्लोवाबाईंचं वय त्रेचाळीस होतं.

मी हा आकडा दोनदा मनात मोजून पाहिला. मग भाचीकडे पाहिलं. ती हसत होती. मला इथे आणण्यामागे तिचा हा डाव होता तर!

युद्ध संपल्यावर 1946 मध्ये त्यांनी 'खेळण्यांचं बंड' केला. खेळणी बनवणाऱ्या कारागिराच्या दुकानात नाझी अधिकारी घुसतो आणि सगळी खेळणी मिळून त्याला पळवून लावतात. पुढे त्यांनी बाहुलीसुद्धा बाजूला ठेवली. 1958 च्या एका चित्रपटात नायक आहे गाठ मारलेला साधा हातरुमाल. 1964 च्या 'लोकरीची गोष्ट'मध्ये लोकरीचे धागेच पात्रं होतात. कपाटात तो लोकरीचा ऐवज पाहून मला आईची शिवणाची टोपली आठवली. महाग सामान कुठेच नव्हतं. साठहून अधिक चित्रपट करून तिर्लोवाबाई 1993 मध्ये याच गावात वारल्या.

त्यांच्याच काळात इथे कारेल झेमान हे दुसरे दिग्गज काम करत होते. तेही आधी बाटाच्या जाहिरात विभागातले. 1949 मध्ये त्यांनी काचेच्या बाहुल्यांचा चित्रपट केला. काच वाकत नाही, मग ती हलवायची कशी? हे अवघड होतं म्हणूनच त्यांनी ते अंगावर घेतलं असावं. चार मुलांचा प्राचीन काळातला प्रवास दाखवणारा त्यांचा 1955 चा चित्रपट आजही मुलं पाहतात.

तिथे बाटा विद्यापीठात ॲनिमेशन शिकणारी दोन मुलं भेटली. "तुमच्या देशात हे करतात का?" एकाने विचारलं. मी म्हटलं, "आमच्या दादासाहेब फाळक्यांनी 1915 मध्ये 'आगकाड्यांची मौज' नावाचा लघुपट केला होता. काडेपेटीतल्या काड्या हलवून!" त्या मुलाने बोटं मोजली. 'मुंगी फेर्दा'च्या जवळजवळ तीस वर्षं आधी. तो गप्पच झाला. फाळक्यांचं नाव इतक्या दूर घेताना माझी मान नकळत ताठ झाली.

माझी भाजीवाली पडली

त्या मुलांनी आम्हाला कार्यशाळेच्या खोलीत नेलं. लांब टेबलं, तारांची वेटोळी, कपड्यांचे तुकडे, दात घासायच्या ब्रशने रंगवण्याचं काम चाललेलं. घराघरांत मुलांच्या प्रकल्पाच्या आदल्या रात्री दिसतो तसा पसारा. खिडकीजवळ सत्तरीच्या एक बाई चष्मा कपाळावर ढकलून बाहुलीची विजार शिवत होत्या. तरुणपणापासून त्यांनी हेच काम केलेलं. "दोब्री देन," मी पाठ केलेला नमस्कार म्हटला. मग भाचीने मध्यस्थी केली. ती चेक भाषा कामापुरती शिकली होती.

मी भाजीवाली काढून टेबलावर ठेवली. दोन्ही मुलं ओरडलीच, "सुंदर!" नऊवारीचा काष्टा, पाटीतली दोडकी, नथ सगळं त्यांनी निरखून पाहिलं. मी खुशीत होते. त्या बाईंनी मात्र एकच गोष्ट केली. भाजीवालीच्या डोक्यावरची पाटी उतरवली, तिला टेबलाच्या मधोमध उभं केलं आणि आपला हात काढून घेतला.

भाजीवाली तोंडावर पडली.

त्यांनी तिला पुन्हा उभं केलं. ती पुन्हा पडली. मग त्यांनी तिचा उजवा हात खांद्याइतका वर केला आणि थांबल्या. आम्ही सगळे पाहत होतो. हात हळूहळू, लाज वाटावी इतका हळूहळू, खाली आला.

"डोकं जड आहे, पायात कापूस आहे, तार एकेरी आहे," भाची एकेक वाक्य मराठीत सांगत होती. "चेहरा छान आहे असं म्हणताहेत. पण त्या म्हणतात, चेहरा शेवटी. आधी तिला सोडल्या जागी थांबता आलं पाहिजे."

मला घाम फुटला. आजोळी कुडाळला लहानपणी पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या पाहिल्या होत्या. बाहुली म्हणजे ती, हेच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण ती बाहुली वरून लोंबते. तिचा भार सूत्रधाराच्या बोटांवर असतो. बोटं थांबली की ती पडते, आणि पडली तरी चालतं, खेळ संपलेला असतो. इथे वर कुणीच नाही. बाहुलीला आपला भार आपल्याच पायांवर पेलायचा असतो. तोही तासन् तास, कारण एक सेकंदाचं काम व्हायला कधी अर्धा दिवस जातो. इतक्या वर्षांत हा फरक माझ्या ध्यानातच आला नव्हता. मी शोभेच्या बाहुल्या करत होते.

पायातला स्क्रू

बाईंनी विजार बाजूला ठेवली आणि मला शेजारी बसवलं. पुढचे तीन तास मी विद्यार्थिनी होते. ॲल्युमिनियमची तार दुहेरी घ्यायची. एक टोक शिकंज्यात पकडायचं, दुसरं ड्रिल मशीनमध्ये, आणि पीळ द्यायचा. पीळ घातलेली तार वाकवली तिथे राहते, परत फिरत नाही. मग जिथे हाड आहे तिथे, म्हणजे मांडी, पोटरी, दंड अशा जागी, घट्ट होणारी लुकण चढवायची. आपल्याकडे नळ गळला की लावतात ते एम-सील चालेल. गुडघा, कोपर, मनगट मात्र मोकळं ठेवायचं. डोकं पोकळ किंवा हलकं, थर्मोकोलच्या गोळीसारखं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तळपायात एक नट बसवायचा. टेबलाला भोकं असतात. खालून स्क्रू फिरवला की पाऊल जमिनीला घट्ट. चालताना एक पाय स्क्रूने धरलेला, दुसरा उचललेला. प्रेक्षकाला वाटतं बाहुली सहज चालते आहे!

तार वारंवार वाकली की तुटतेच. म्हणून हात-पाय काढून बदलता येतील असे करायचे. मोठ्या निर्मितीत पोलादी गोळ्यांचे सांधे वापरतात, पण शिकायला तारच बरी, असं बाईंचं म्हणणं. "तार चुका लगेच दाखवते."

मग मुलांनी मला एक तयार बाहुला देऊन कॅमेऱ्यासमोर उभं केलं. त्याने हात वर करून नमस्कार करायचा, एवढंच. दोन तासांत मी 48 चित्रं काढली. पाठ मोडून आली. पडद्यावर ते चार सेकंदांत संपलं! बाहुल्याचा हात थरथरत वर गेला, मधेच एका चित्रात माझ्या ओढणीचं टोक डोकावलं आणि सगळे हसले. पण त्या चार सेकंदांत तो तारेचा बाहुला जिवंत होता, हे मी शपथेवर सांगेन.

निघण्याआधी बाईंनी मी पीळ दिलेल्या तारेचा सांगाडा टेबलावर उभा केला. डोकं नाही, कपडे नाहीत, चेहरा नाही. हात काढून घेतला. आम्ही श्वास रोखला.

"स्तोयी," त्या म्हणाल्या. उभा आहे!

10 जूनचं उत्तर

परतीच्या बसमध्ये भाचीने विचारलं, "मावशी, मग शाळेला काय कळवणार?" खरं सांगू का? कुणीतरी मला म्हणावं, 'तुमच्या हातात जादू आहे, सगळं सोडा आणि हेच करा,' असं ऐकायला मी इतक्या लांब आले होते. तसं कुणी म्हटलं नाही. उलट काय कमी आहे ते एकेक करून दाखवलं. आणि गंमत म्हणजे मला वाईट वाटत नव्हतं. कमी काय ते कळलं की करायचं काय तेही कळतं.

मी शाळेला होकार कळवला. घरी सगळ्यांना वाटलं, खूळ उतरलं. मी मात्र पहिल्याच रविवारी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन ॲल्युमिनियमची तार, नट आणि स्क्रू घेऊन आले. दुपारपर्यंत शाळा, रात्री जेवणानंतर दोन तास तार. पहिले चार सांगाडे पडले. पाचवा उभा राहिला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मी 'ह्यांना' उठवून दाखवला. डोळे चोळत ते म्हणाले, "याला कपडे कधी?"

2020 च्या टाळेबंदीत शाळा बंद झाली. जेवणाचं टेबल माझा स्टुडिओ झालं. स्टीलच्या डब्यांच्या उतरंडीवर मोबाइल टेकवून मी 600 छायाचित्रं घेतली आणि पन्नास सेकंदांची फिल्म केली. भाजीवाली पाटी उतरवते, घाम पुसते, पुन्हा पाटी उचलून चालू लागते. नवी भाजीवाली. सासूबाई रोज संध्याकाळी येऊन विचारायच्या, "आज किती चालली?" एकदा त्यांनीच सांगितलं, "पाटी उचलताना बाई आधी गुडघ्यात वाकते, कमरेत नाही." त्यांचं बरोबर होतं. मी साठ चित्रं पुन्हा घेतली.

जून 2022 मध्ये नोकरी सोडली. पगाराइतके पैसे अजूनही दर महिन्याला मिळतात असं नाही. काही महिने भरपूर काम, काही महिने फक्त सराव. शाळांसाठी, छोट्या जाहिरातपटांसाठी बाहुल्या करते. पण तीन वर्षांचा सराव हाताशी नसता, तर पहिल्या सहा महिन्यांतच माझं दुकान त्या भाजीवालीसारखं तोंडावर पडलं असतं.

जायचं असेल तर

झ्लीनला जायचं तर व्हिएन्ना किंवा प्रागहून आधी बर्नो गाठावं. व्हिएन्नाहून रेल्वेने साधारण दीड तास, प्रागहून अडीच तास लागतात. पुढे बस आहे. शेंगेन व्हिसा लागतो. प्रदर्शनाच्या आणि कार्यशाळेच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. मे महिन्याच्या शेवटी जाणाऱ्यांना इथला मुलांच्या चित्रपटांचा महोत्सवही पाहायला मिळू शकतो. तो 1961 पासून भरतो. मुलं बरोबर असतील तर लिफ्टमधली कचेरी चुकवू नका. शाकाहारी मंडळींनी बटाट्याचे पदार्थ आणि तळलेलं चीज यांवर भागवायची तयारी ठेवावी.

जमणार नसेल तरी बिघडत नाही. घरात तार, माती, लोकर आणि मोबाइल असतोच. सुट्टीत मुलांना बटणांची आगगाडी चालवायला सांगा. बारा चित्रांचा एक सेकंद पाहताना त्यांचे डोळे बघा.

जुनी भाजीवाली अजून माझ्या कपाटावर आहे, भिंतीला टेकून. नवी टेबलावर असते. परवा एका शाळेत ती घेऊन गेले तेव्हा पहिलीतल्या एका मुलीने तिला बोटाने हळूच ढकललं. ती हलली नाही. "ही पडत कशी नाही?" तिने विचारलं. मी भाजीवाली काढली, उलटी केली आणि तिच्या तळपायातला नट दाखवला. मुलीने त्यात करंगळी घालून पाहिली. मग स्वतःचं पाऊल उचलून तळवा बघितला.